ओपन सोर्समध्ये जायचे, तर भाषा कोणती?



"ओपन सोर्समध्ये काम करायचे आहे, कोणती लँग्वेज शिकू?" गेल्या तीन-चार वर्षांत हा प्रश्न आम्हाला वारंवार विचारला गेला आहे. विचारणारे बहुतेक बीसीए, बीएस्सी कॉम्प्युटर किंवा पॉलिटेक्निकचे विद्यार्थी असतात. घरात कॉलेजचे तोंड पाहिलेली त्यांची पहिली, फार तर दुसरी पिढी. आम्ही समाजशास्त्र शिकलेले, काम समाजकार्याचे. संगणकाची पदवी आमच्याकडे नाही. तरीही प्रश्न आमच्याकडे येतो, कारण वस्त्यांच्या सर्वेक्षणासाठी आम्ही ओपन सोर्स सॉफ्टवेअर वापरतो आणि आमच्या अभ्यासिकेतल्या काही मुलामुलींनी अशा प्रकल्पांना दुरुस्त्या पाठवायला सुरुवात केली आहे. प्रत्येकाला तोंडी सांगण्यापेक्षा एकदा सविस्तर मांडावे म्हणून हा लेख.

एक गोष्ट आधीच बाजूला काढतो. नोकरीसाठी भाषा निवडायची असेल तर आमचा कोणताही वाद नाही. घरात पगार यायला हवा. ज्या भाषेच्या जागा निघतात ती शिका, मुलाखत द्या, नोकरी धरा. पण ओपन सोर्समधले योगदान ही वेगळी गोष्ट आहे, आणि आपली बहुतेक मुले नोकरीच्या प्रश्नाचे उत्तर घेऊन योगदानाच्या दारात उभी राहतात. यूट्यूबवर कोणीतरी "या वर्षी या पाच भाषा शिका" अशी यादी देतो. मुलगा सहा महिने त्यातली एक शिकतो आणि मग ती घेऊन प्रकल्प शोधत फिरतो. किल्ली आधी घडवली, कुलूप कुठे आहे त्याचा पत्ता नाही!

वस्तुस्थिती अशी आहे की चालू प्रकल्पात भाषा निवडण्याचा अधिकार नव्या माणसाला नसतोच. लिनक्सचा गाभा १९९१ पासून मुख्यतः सी भाषेत लिहिला जातो. विकिपीडिया ज्या मीडियाविकीवर चालतो तो पीएचपीत आहे. लिब्रेऑफिसचा मोठा भाग सी प्लस प्लसमध्ये आहे. तुम्हाला पायथन कितीही चांगली येत असली तरी तुमच्यासाठी यातला एकही प्रकल्प आपली भाषा बदलणार नाही. लिनक्सच्या गाभ्यात रस्ट ही नवी भाषा यायला डिसेंबर २०२२ मधली ६.१ ही आवृत्ती उजाडावी लागली. आल्यावरही देखभाल करणाऱ्यांमध्ये अशी खडाजंगी झाली की रस्टच्या बाजूचे एक प्रमुख देखभालकर्ते २०२४ मध्ये काम सोडून गेले. ही सगळी जगातली नावाजलेली प्रोग्रामर मंडळी. त्यांनाही हे जड गेले, कारण भाषा बदलली की कोणाचे ज्ञान कामाचे आणि कोणाचे बिनकामाचे हेही बदलते. समाजशास्त्राच्या विद्यार्थ्याला यात नवल वाटायचे कारण नाही.

मग नव्या माणसाच्या हातात काय उरते? प्रकल्प निवडणे, आणि त्या प्रकल्पात आपण कुठे बसायचे ती जागा निवडणे. यातली दुसरी निवड जास्त महत्त्वाची आहे आणि तिच्याबद्दल कोणी बोलत नाही.

आमचाच अनुभव सांगतो. ओडीके नावाचे सॉफ्टवेअर अनेक कार्यकर्त्यांना माहीत असेल. २००८ च्या सुमारास अमेरिकेतल्या वॉशिंग्टन विद्यापीठात ते सुरू झाले. मोबाइलवर फॉर्म भरायचा. रेंज नसली तरी माहिती फोनमध्ये साठते आणि रेंज आली की सर्व्हरला जाते. भटक्या-विमुक्तांच्या पालावर, डोंगरातल्या वाडीवर, जिथे नेटवर्क म्हणजे लॉटरी, तिथे याचा मोठा उपयोग होतो. आता या एका ओडीकेची भाषा कोणती? फोनवरचे ॲप जावात लिहिले गेले, पुढे त्यात कोटलिन आली. सर्व्हरचा आजचा भाग जावास्क्रिप्टमध्ये आहे. तक्त्यात लिहिलेला फॉर्म फोनला कळेल अशा रूपात आणणारे साधन पायथनमध्ये आहे. मदतपुस्तिका साध्या मजकुराच्या फाइलींत आहे. आणि खुद्द फॉर्म? तो एक्सेलच्या तक्त्यात लिहायचा असतो. एका रकान्यात प्रश्नाचा प्रकार, दुसऱ्यात त्याचे नाव, तिसऱ्यात प्रश्न, आणखी एका रकान्यात अट : आधीच्या प्रश्नाला "होय" उत्तर असेल तरच हा प्रश्न विचारा.

आमच्यात वाणिज्य शाखेची पदवी घेतलेली एक कार्यकर्ती आहे. प्रोग्रामिंग तिने कधी शिकले नव्हते, पण शंभरावर प्रश्नांचा फॉर्म तिने एकटीने बांधला होता, मराठी आणि हिंदी दोन्हींत, सगळ्या अटींसकट. तरी म्हणायची, "मला कोडिंग येत नाही." आम्ही म्हणालो, ताई, अट लिहिणे म्हणजे दुसरे काय असते? आता हिला कोणती भाषा शिकायला सांगायची? यादीवाल्यांनी जावास्क्रिप्ट सांगितली असती. आम्ही तिला पायथनमधले ते साधन उघडून दाखवले, आणि त्याचे कारण एकच होते. त्या साधनाच्या चाचण्यांमध्ये फॉर्मचे तक्ते जसेच्या तसे मांडलेले असतात : उभ्या रेघांनी पाडलेले रकाने, तेच प्रश्नांचे प्रकार, तीच रकान्यांची नावे. भोवतालची पायथन तिला कळली नाही, पण मधला तक्ता तिने पहिल्याच संध्याकाळी वाचला आणि इथे नेमके काय तपासले जाते आहे ते आम्हालाच समजावून सांगितले. कळणाऱ्या तक्त्यापासून न कळणाऱ्या ओळींपर्यंत जायला तिला दोन महिने लागले, रोज तासभर. पहिली दुरुस्ती तिने मदतपुस्तिकेतल्या एका उदाहरणाला पाठवली, दुसरी एका चाचणीला. पायथन तिच्याकडे तिच्या कामातून आली.

जागा निवडताना यंत्राचाही विचार करा, मित्रांनो. अभ्यासिकेतल्या चार जीबी रॅमच्या जुन्या लॅपटॉपवर लिब्रेऑफिससारखा अवाढव्य प्रकल्प कोडपासून बांधायला घेतला तर तासन्‌तास जातात, वर मध्येच लाइट गेली की झाले. एक ओळ बदलून तिचा परिणाम पाहायला रात्र घालवावी लागत असेल तर शिकणाऱ्याची उमेद किती दिवस टिकेल? पायथन, पीएचपी, जावास्क्रिप्टमध्ये ओळ बदलली की लगेच चालवून पाहता येते. ज्याच्या घरी चांगले यंत्र आहे त्याला हा फरक जाणवणारही नाही.

आता इंग्रजीचा प्रश्न. आपली मुले प्रोग्रामिंगच्या भाषेला भितात असे म्हणतात. आम्हाला ते खरे वाटत नाही. पायथनचे राखीव शब्द ३५ आहेत, १९८९ च्या प्रमाणित सी भाषेचे ३२, गो भाषेचे तर २५ च. जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत शिकलेले पोर हे शब्द आठवडाभरात तोंडपाठ करते. भीती आहे ती कोडच्या भोवती बोलल्या जाणाऱ्या इंग्रजीची. आपण ही दुरुस्ती का केली ते लिहायचे, कोणी शंका काढली तर उत्तर द्यायचे, पटले नाही तर नम्रपणे तसे सांगायचे, आणि हे सगळे जगासमोर. "हे असे का केले?" एवढी साधी विचारणा आली तरी आपल्या मुलाला वाटते, रागावले. वर्गात इंग्रजी चुकली म्हणून हसे झालेल्या मुलाला ते तसे वाटणारच. त्याला पाहिजे ती भाषा शिकवा, सी शिकवा, रस्ट शिकवा, हा अडसर त्याने दूर होत नाही.

यावर आम्ही एक साधी रीत ठेवली आहे. आधी मराठीत लिहायचे : काय बिघडले, काय अपेक्षित होते, आपण काय बदलले. मग त्याची छोट्या वाक्यांची इंग्रजी करायची. तीन वाक्ये पुरतात. भाषांतराच्या यंत्राची मदत घेतली तरी हरकत नाही, मात्र त्याने काय लिहिले ते समजून घेतल्याशिवाय पाठवायचे नाही. अलंकारिक इंग्रजी तिथे कोणी मागत नाही.

आणि इंग्रजी ही सॉफ्टवेअरची जन्मभाषा आहे असे समजून दबून जाऊ नका. लिब्रेऑफिसचा पूर्वज स्टारऑफिस जर्मनीत तयार झाला. तिथल्या प्रोग्रामरांनी कोडमधल्या टिपा जर्मनमध्ये लिहिल्या, कारण त्यांना आणि शेजारच्या टेबलावरच्या माणसाला तीच भाषा येत होती. २०१० मध्ये लिब्रेऑफिस वेगळे झाले तेव्हाही त्या टिपा कोडमध्ये होत्या, आणि त्या इंग्रजीत आणणे हे नव्या स्वयंसेवकांसाठी एक सोपे काम म्हणून ठेवले गेले. रुबी ही भाषा १९९५ मध्ये जपानमध्ये प्रसिद्ध झाली. सुरुवातीची काही वर्षे तिच्यावरचे बरेचसे लेखन आणि चर्चा जपानीतच होती. लुआ ही भाषा १९९३ मध्ये ब्राझीलच्या रिओ दि जानेरोतल्या कॅथलिक विद्यापीठात तयार झाली. त्याआधी अनेक वर्षे ब्राझीलमध्ये बाहेरून सॉफ्टवेअर आणण्यावर कडक निर्बंध होते, म्हणून तिथल्या लोकांनी आपली गरज आपणच भागवली. आज विकिपीडियाचे गुंतागुंतीचे साचे त्याच लुआत लिहिले जातात, २०१३ पासून. मराठी विकिपीडियावर काम करू इच्छिणाऱ्या मुलांनी हे ध्यानात ठेवावे. तिथे पायथनपेक्षा लुआची चार पाने जास्त कामाला येतील.

भाषांच्या प्रतिष्ठेबद्दलही बोलले पाहिजे. आमच्याकडच्या एका मुलाने ऑनलाइन चर्चेत सांगितले की तो पीएचपी शिकतो आहे. उत्तर आले, "अजून कोणी वापरते का ती?" पुढे हसण्याची चिन्हे. पोरगा आठ दिवस गप्प. आता पाहा, विकिपीडियाचे सॉफ्टवेअर पीएचपीत, वर्डप्रेस पीएचपीत, कितीतरी महाविद्यालयांत वापरले जाणारे मूडल पीएचपीत. हसणाऱ्यांनी त्या दिवशीही विकिपीडिया उघडलाच असेल. अमुक भाषा वापरणारा वरचा आणि तमुक वापरणारा खालचा, ही उतरंड कौशल्याची परीक्षा घेत नाही. तुम्ही कोणत्या कॉलेजातून आलात, तुमच्या भोवती कोण होते, याचा ती अंदाज घेते. उतरंड ओळखायला आपल्याला वेगळ्या शिकवणीची गरज नसावी. तरी आपलीच मुले शहरात वर्षभर राहून आली की हीच थट्टा गावाकडच्या मुलांची करतात, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे.

याचा अर्थ सगळ्या भाषा सारख्या, असे आम्ही म्हणत नाही. तसे म्हणणे खोटे ठरेल. सी आणि सी प्लस प्लसमध्ये स्मृतीची जागा प्रोग्रामरने स्वतः सांभाळायची असते आणि तिथे हात चुकला की सुरक्षेला भोक पडते. मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये सांगितले की त्यांच्या सुरक्षा-त्रुटींपैकी सुमारे ७० टक्के या प्रकारच्या असतात. गूगलच्या क्रोमियम प्रकल्पाने २०२० मध्ये आपल्या गंभीर त्रुटींबद्दल जवळपास हाच आकडा दिला. रस्टचा आग्रह धरणारे लोक फॅशन म्हणून तो धरत नाहीत.

याच आग्रहातून फेब्रुवारी २०२१ मध्ये एक वाद झाला. पायथनमध्ये सांकेतिकीकरणासाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या क्रिप्टोग्राफी नावाच्या संचाने ३.४ या आवृत्तीपासून आपल्या बांधणीत रस्ट आणली. काही जुन्या आणि दुर्मीळ प्रोसेसरांसाठी रस्टचा कंपायलरच नव्हता. त्या यंत्रांवर लिनक्स जिवंत ठेवणाऱ्या स्वयंसेवकांच्या पायाखालची जमीन सरकली. आमची वर्षानुवर्षांची मेहनत एका निर्णयाने बाहेर टाकली, असे त्यांचे म्हणणे. कोट्यवधी लोकांच्या गुपितांची राखण करणारा कोड सुरक्षित भाषेत असला पाहिजे, असे देखभाल करणाऱ्यांचे म्हणणे. आम्ही कोणाच्या बाजूचे? आम्ही देखभाल करणाऱ्यांच्या बाजूचे. ज्याला कोड वाचता येत नाही आणि जो फक्त वापरतो, त्याचे संरक्षण आधी. त्यात आपले आईवडील येतात, ज्यांचे बँकेचे व्यवहार फोनवर चालतात. पण ज्या प्रकल्पाने अवघड भाषा घेतली त्याच्यावर ती शिकवण्याची जबाबदारीही येते. दार उंच केले तर पायऱ्याही बांधल्या पाहिजेत. काही प्रकल्प त्या बांधतात, नव्यांसाठी सोपी कामे खूण करून ठेवतात, काही ढुंकूनही पाहत नाहीत. प्रकल्प निवडताना जुन्या चर्चा वाचा. नव्या माणसाच्या पहिल्या दुरुस्तीला तिथे काय उत्तर मिळाले, ते पाच-सहा ठिकाणी पाहा. भाषेच्या नावापेक्षा त्यातून जास्त कळेल.

आमच्या एका जुन्या सहकाऱ्याने आमच्या या मांडणीवर जोरदार आक्षेप घेतला, आणि तो टाळण्यासारखा नाही. तो म्हणाला, "तुम्ही आपल्या पोरांना मदतपुस्तिका, भाषांतर, चाचण्या, असल्या कामाला लावता. गाभ्याचे काम दुसरे करणार आणि आपण तिथेही झाडलोट करायची का?" ओपन सोर्समध्ये कामांची प्रतवारी आहे, हे खरेच आहे. गाभ्याचा कोड लिहिणाऱ्याचे नाव होते, भाषांतर करणाऱ्याचे होत नाही. श्रमाची विभागणी आणि श्रमिकांची विभागणी यातला फरक आपल्या चळवळीला नव्याने सांगायला नको. एखादे काम सोपे म्हणून कोणीतरी सुरुवातीला करणे वेगळे, आणि ठरावीक लोकांनी कायम तेच करणे वेगळे.

म्हणून आम्ही अभ्यासिकेत एक नियम केला. ज्याने मदतपुस्तिकेत तीन दुरुस्त्या पाठवल्या, त्याने चौथी कोडमध्येच पाठवायची, मग ती एका ओळीची का असेना. आणि ज्याला सी किंवा रस्ट शिकायचीच आहे त्याला कोणी "तुला झेपणार नाही" म्हणायचे नाही. आमच्याकडचा पॉलिटेक्निकचा एक मुलगा गेले वर्षभर सी शिकतो आहे, कारण त्याला लिनक्सच्या गाभ्यात जायचे आहे. त्याला कुलूप माहीत आहे, म्हणून त्याने किल्ली घडवायला घेतली. त्याची गती मंद आहे. असू द्या.

राहिला स्वतःचा प्रकल्प. इथे मात्र भाषा निवडण्याचा अधिकार पूर्णपणे आपला असतो, आणि इथेच भांडणे होतात. शिष्यवृत्तीचे अर्ज भरायला आमच्याकडे जून-जुलैपासून गर्दी होते. कोणाचा उत्पन्नाचा दाखला राहिला, कोणाची जात पडताळणी, कोणाचे बोनाफाईड, याची नोंद ठेवणारे छोटे साधन आम्ही बनवायला घेतले आणि ते ओपन सोर्स ठेवायचे ठरवले, म्हणजे इतर गावच्या अभ्यासिकांनाही वापरता येईल. आमच्यातला एक इंजिनिअर रस्टवर अडून बसला. वेग, सुरक्षा, सगळे मुद्दे बरोबर. दुसऱ्याला पायथन हवी होती. बीसीएच्या मुलींना अभ्यासक्रमात पीएचपी होती.

बाबासाहेबांनी १९२० मध्ये 'मूकनायक' मराठीत काढले आणि १९३६ मध्ये लाहोरच्या मंडळासाठी भाषण लिहिले ते इंग्रजीत. दोन्ही भाषांवर त्यांची हुकमत होती. निवड झाली ती वाचणारा कोण आहे ते पाहून. आम्ही बैठकीत एवढेच विचारले की इंजिनिअर मित्र नोकरीसाठी पुण्याला गेल्यावर हा कोड कोण उघडणार? रस्ट येणारा तो एकटाच होता. स्वस्तातल्या होस्टिंगवर पीएचपी आयती मिळते, हाही मुद्दा होता. वर्षाचे पैसे वर्गणीतून भरायचे होते. पीएचपी ठरली. इंजिनिअर मित्र आठवडाभर नाराज होता. मग त्याने सुरक्षेचा भाग स्वतः अंगावर घेतला, आणि त्याच्याच आग्रहाने आम्ही ठरवले की दाखल्यांच्या प्रती आणि आधार क्रमांक या साधनात साठवायचेच नाहीत. दाखला आहे की नाही, एवढीच खूण. पोरांच्या जातीचे आणि उत्पन्नाचे कागद आमच्या सर्व्हरवर नकोत. कोणत्याही भाषेत लिहिले असते तरी हाच निर्णय योग्य होता.

पुढच्याच वर्षी तो खरोखर पुण्याला गेला. कोड आता बीसीएच्या तिसऱ्या वर्षाची एक मुलगी सांभाळते. सोळा चुका तिने स्वतः शोधून दुरुस्त केल्या, त्यातल्या काही त्या इंजिनिअरच्या होत्या आणि तिने त्याला फोन करून तसे सांगितलेही.

आता शेजारच्या तालुक्यातल्या अभ्यासिकेला हे साधन हवे आहे. तिथल्या मुलाला फक्त पायथन येते आणि त्याला याद्या छापण्याचा भाग पायथनमध्ये वेगळा लिहायचा आहे. त्याला पीएचपी शिकवावी की तो भाग त्याच्या भाषेत लिहू द्यावा, यावर येत्या रविवारी बैठक आहे. आमचा कल पहिल्या पर्यायाकडे आहे, कारण दोन भाषा म्हटल्या की सांभाळणारी माणसेही दोन लागतात. पण तो मुलगा एसटीने चाळीस किलोमीटर येणार आहे. त्याचे म्हणणे ऐकल्याशिवाय ठरवायचे नाही, असे त्या मुलीने आधीच बजावून ठेवले आहे.